माझी झुंजार, समीक्षाची झुंजार

३० डिसेंबर २०२४, सोमवार. येळवस, म्हणजे वेळा अमावास्या.

पाय भरून आलेत, पण आजचं लिहिल्याशिवाय राहवत नाही. आज मी अव्वांना माझ्या झुंजार मोटारसायकलवर मागे बसवून लातूरहून शिरूर अनंतपाळला शेतात नेलं! अव्वा म्हणजे माझ्या सासूबाई, शरणम्मा. सोमेशने, माझ्या नवऱ्याने, कारमध्ये आंबिलीने भरलेले मातीचे बिंदगे, भज्जीची पातेली सगळं भरलं आणि अव्वांसाठी पुढची सीट मोकळी ठेवली, तर त्या म्हणाल्या, "सून एवढी मोठी गाडी चालवायलीय, मग मी तुझ्या डब्यात कशाला बसू?" आणि पदर खोचून बसल्याच मागे. एक हात माझ्या खांद्यावर, दुसऱ्या हातात देवीच्या नैवेद्याची पिशवी.

रस्त्यावर सगळं लातूर शेताला निघालेलं. ट्रॅक्टरमधल्या बायका आम्हाला बघून ओरडायल्या, "ओ ताई, जाऊ द्या जोरात!" सोमेशने वळणावर गाडी थांबवून आमचा व्हिडिओ काढला. घरी येऊन बघते तर माझ्या पार्लरच्या पेजवर टाकलेला तो व्हिडिओ अख्ख्या गावाने बघितलाय. दिवाळीला गाडी घेतली तेव्हा "पार्लरवाली बाई अन् दोनशे सीसीची गाडी" म्हणून हसणाऱ्यांनीसुद्धा.

माझ्या मैत्रिणीला, समीक्षाला, लगेच पाठवला. तिची झुंजारही माझ्यासोबतच घेतलेली, मीच घ्यायला लावली. ती मुखेडजवळच्या उपकेंद्रात नर्स आहे, तिला तर माझ्यापेक्षा जास्त गरज. उदगीरला शाळेत असताना तिच्या बाबांच्या जुन्या गाडीवर तिनेच मला चालवायला शिकवलं होतं.

नळेगावच्या पुढे गाडी एकदा अचानक बंद पडली. चालता चालता जीवच गेल्यासारखी. थोडं थांबून सेल मारला तर चालू झाली. सोमेश म्हणाला, क्लच धरून ठेवला असशील. असेन, मागे अव्वा होत्या, बावरलेच होते.

४ जानेवारी, शनिवार

पुण्याहून फोन! कंपनीचा! अग्रणी मोटर्सचा!

एका बाईचं फेशियल चालू होतं, तिच्या तोंडावर लेप तसाच वाळला, मी आपली बोलतेच आहे. केदार सर म्हणून आहेत, ग्राहक विभागाचे मोठे अधिकारी. त्यांनी येळवसचा व्हिडिओ बघितला. म्हणाले, "मंजुषाताई, आम्हाला अशीच झुंजार सखी हवी होती." लातूर आणि नांदेड, दोन्ही जिल्ह्यांसाठी कंपनीचा चेहरा मी! होर्डिंग लागणार. महिला दिनाला लातूर ते नांदेड बायकांची रॅली, तिच्यात पुढची गाडी माझी.

सोमेश दुकानात गिऱ्हाईक सोडून पेढे आणायला गेला. अव्वा म्हणाल्या, "होर्डिंगवर डोक्यावर पदर पाहिजे का हेल्मेट, ते विचारून घे." आम्ही हसून हसून बेजार.

९ जानेवारी, गुरुवार

समीक्षाचा फोन आला होता. मी होर्डिंगचं सांगत होते, ती आनंदलीच, पण मग म्हणाली, "मंजे, माझी गाडी लई त्रास देऊन राहिली. लसीचा डबा घेऊन निघालं की मधेच बंद. ऊन तापलं की हमखास."

तिने नांदेडच्या शोरूममध्ये दाखवली. त्यांनी प्लग साफ केला, पेट्रोलमध्ये पाणी असेल म्हणाले. पुढच्या वेळी म्हणाले, मॅडम, तुम्हाला अजून सवय नाही, अर्ध्या क्लचवर चालवत असाल.

मला केदार सरांनी सखींसाठीचा एक व्हिडिओ पाठवलाय, 'महिलांनी गाडी कशी हाताळावी' असा. फार छान आहे. मी तो तिला पाठवला आणि म्हणाले, "एकदा बघून घे गं. बाईच्या हाताला क्लच जड जातो, आपल्या नकळत धरला जातो. माझंही झालं होतं येळवसला."

तिने अव्वांचे गुडघे कसे आहेत विचारलं आणि फोन ठेवला. दवाखान्यात गर्दी असेल.

२१ जानेवारी, मंगळवार

आज शूटिंग!! काळं जॅकेट, त्यावर लाल धाग्याने 'झुंजार सखी'. केस मी स्वतःच केले, दुसऱ्या कुणाच्या हातात कशाला देऊ. औशाच्या किल्ल्यासमोर दुपारभर इकडून तिकडे गाडी फिरवली. कॅमेरेवाले ओरडायचे, "मॅडम, हसा!" मला हसायला सांगावं लागत नव्हतं.

एकच घोटाळा झाला. ऐन चांगल्या फेरीत गाडी बंद पडली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, म्हटलं आता म्हणतील हिला चालवता येत नाही. पण केदार सर किती चांगला माणूस! जराही चिडले नाहीत. गाडीकडे बघितलंसुद्धा नाही, बाजूला जाऊन लातूरच्या शोरूमला फोन लावला. "बसवंत, मॅडमची गाडी येतेय. टाकीतला पंप बदलून टाक. नवीन डब्यातला."

संध्याकाळी बसवंतने, म्हणजे शोरूमच्या मुख्य मिस्त्रीने, पेट्रोलच्या टाकीतला तो पंप बदलून दिला. एक रुपया घेतला नाही. पावतीचीही कटकट नाही. जुना पंप त्याने कापडात गुंडाळून केदार सरांच्या गाडीत ठेवला. मी म्हटलं, मला द्या की आठवण म्हणून, तर बसवंत नुसता हसला आणि खाली बघत म्हणाला, "आठवण कशाला ठेवता मॅडम असल्याची."

अशी सेवा असते का कुठे? आमचा फ्रिज बिघडला तेव्हा माणूस यायला महिना लागला होता.

२ फेब्रुवारी, रविवार

गाडी आता काय पळतेय! रेणापूरला जाऊन आले, एक आचका नाही. माझा हात बसला बहुतेक.

सोमेशला केदार सरांनी विचारलंय, झुंजारच्या सामानाची एजन्सी घ्याल का म्हणून. हेल्मेट, जॅकेट, सुटे भाग, सगळं. भांड्यांचं दुकान वडिलांच्या काळापासूनचं आहे, सोमेशला कधीपासून स्वतःचं काहीतरी करायचंय. आज तो शेजारच्या रिकाम्या गाळ्यात उभा राहून कुठे काय लावायचं ते मला दाखवत होता. लग्नात दिसला नव्हता इतका खुशीत.

औसा रोडवर होर्डिंग लागलं. मी रिक्षाने जाऊन बघून आले, म्हणजे नीट मान वर करून बघता आलं. अव्वांनी निकाल दिला, "नाक जरा मोठं आलंय. पण लक्ष्मी दिसतीस."

११ फेब्रुवारी, मंगळवार

समीक्षाचं काहीतरी बिनसलंय.

तिने कंपनीच्या टोल फ्री नंबरवर तक्रार केली. तिकडून प्रत्येक वेळी नवा माणूस, प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचं. आणि मग मोबाइलवर संदेश येतो, 'आपल्या तक्रारीचे समाधानकारक निराकरण झाले आहे.' गाडी अंगणात बंद पडलेली असताना! ती म्हणाली, "तू तुझ्या त्या साहेबाला बोल ना. तुझं ऐकतेत."

मी बोलले. मैत्रिणीसाठी एवढं तर करायलाच हवं. केदार सर म्हणाले, "ताई, मुखेडकडचे रस्ते, सुट्टं पेट्रोल, गाडी दिवसभर उन्हात. शिवाय घरातली चार माणसं चालवत असणार. गाडीत दोष असता तर तुमचीही अशी रोज बंद पडली नसती का?"

खरंच की. मी समीक्षाला तसंच सांगितलं. म्हणाले, "बघ, माझी तर पंप बदलल्यापासून एकदाही बंद नाही."

"पंप बदलला? कोणी?"

"कंपनीने. शूटिंगच्या दिवशी. फुकट."

"तुझी बी बंद पडत होती?"

"दोनदाच गं."

"अन् खोलून बघितली का त्यांनी आधी?"

"नाही, केदार सरांनी फोनवरच सांगितलं."

ती म्हणाली, "बरं. ठेवते. पेशंट आलेत." पेशंट आले नव्हते, मागे कुकरची शिट्टी ऐकू आली. घरीच होती.

मी काय वाईट बोलले? मला होर्डिंग मिळालं म्हणून तिला राग आला असेल का? समीक्षा तशी नाही. पण माणसाचं काय सांगावं.

२४ फेब्रुवारी, सोमवार. नांदेड.

समीक्षाचा अपघात झाला.

लसीकरण उरकून येताना हमरस्ता ओलांडत होती, मधोमध गाडी बंद पडली. मागून टेम्पो. त्याने ब्रेक मारला म्हणून बरं, धक्का लागून ती रस्त्यावर फेकली गेली. उजवं मनगट मोडलंय, गुडघा सोललाय. डोक्याला हेल्मेट होतं.

मी मिळेल त्या बसने आले. तिच्या आई, नागुबाई, कॉटशी बसून होत्या. मला बघून उठल्या, पाण्याची बाटली दिली. मग म्हणाल्या, "मंजुषा, तू मोठी झालीस, बोर्डावर लागलीस. लई बरं वाटलं. पर माझी लेक तुला दोनदा म्हणली व्हती बाई, गाडीत खोट हाय. तुला तिचं का खरं वाटलं न्हाई?"

समीक्षा डोळे मिटून पडली होती. झोपलेली नव्हती.

२६ फेब्रुवारी, बुधवार. महाशिवरात्र.

सिद्धेश्वराच्या यात्रेत सगळे गेलेत. मी उपासाचं निमित्त करून घरी थांबले.

नागुबाईंचं बोलणं डोक्यातून जात नाही. आज शांत बसून एकेक आठवलं. केदार सरांनी गाडीला हात न लावता पंप बदला म्हणून सांगितलं. न बघता कसं कळलं? डॉक्टर नाडी न बघता औषध देतो ते कधी? गावात तीच साथ चालू असेल तेव्हा. 'नवीन डब्यातला', म्हणजे जुन्या डब्यातले वाईट आहेत हे त्यांना ठाऊक होतं. जुना पंप मला दिला नाही. पावती दिली नाही. आणि मी सगळ्याला 'काय सेवा!' म्हणून नाचत होते.

पार्लरमध्ये बाईच्या तोंडावर क्रीमने पुरळ उठलं तर मी क्रीम बदलते, आणि तीच ट्यूब दुसऱ्या बाईला लावत नाही. एवढी साधी गोष्ट.

मी फोन केला. केदार सरांना अपघाताचं आधीच माहीत होतं. "वाईट झालं. पण ताई, तुम्ही आता आमच्या घरातल्या आहात. सोमेशरावांचे कागद पुढच्या आठवड्यात सहीला जातायत. घरातलं घरात ठेवावं." आवाज तोच गोड.

मी "हो" म्हणाले. होच म्हणाले. फोन ठेवला. मला इतका राग याआधी कधी आल्याचं आठवत नाही.

२ मार्च, रविवार

मुखेडला गेले. समीक्षा ओसरीत बसली होती, हात गळ्यात. तिची झुंजार अंगणात, आरसा फुटलेला, बाकी धड.

मी म्हटलं, "समे, चुकले."

ती म्हणाली, "तुला गाडी कोणी शिकवली?"

"तू."

"मग मला क्लचचा व्हिडिओ पाठवतीस? बाईच्या हाताला जड जातो म्हणून? शोरूमातला तो पोरगा म्हणला, मला काय वाटलं न्हाई. तू म्हणलीस!" आणि मग जे बोलायला लागली ते थांबेचना. मी ऐकून घेतलं. नागुबाई आतून चहा घेऊन आल्या आणि दोघींना रडताना बघून तशाच परत गेल्या.

मग मी माझा बेत सांगितला. रॅलीत मी माझी गाडी नेणार नाही. तिची नेणार. रंग तोच, फक्त नंबर नांदेडचा. कॅमेऱ्यासमोर, सगळ्यांच्या पुढे, भर उन्हात गाडी बंद पडेल, मग बघू केदार सर कुणाला क्लच शिकवतात!

समीक्षा ताठ बसली. "येडी झालीस का? मागून ट्रक आला तर?"

"डाव्या कडेने चालवीन. बाकीच्या बायकांना सांगते, अंतर ठेवा म्हणून."

"हळू चालवायची. कुणाला ओव्हरटेक करायचं न्हाई. अन् मी सोबत येणार."

"हात मोडलाय तुझा!"

"सामानाची गाडी असंल ना मागं? तिच्यात बसते." कितीतरी दिवसांनी तिचे डोळे चमकले. "मला बघायचंय त्याचं तोंड."

गाडी टेम्पोत घालून लातूरला आणली. शोरूमच्या मिस्त्रीला नाही, गल्लीतल्या माणसाला दाखवून आरसा बसवला, ब्रेक तपासून घेतले. सोमेशला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. तोंड उघडलं, तेवढ्यात तो गाळ्याला कोणता रंग द्यावा विचारायला लागला.

८ मार्च, शनिवार. महिला दिन.

कुठून सुरू करू!

सकाळी लातूरला तेवीस बायका, तेवीस झुंजार. उदगीर, निलंगा, धर्माबाद, कुठून कुठून आलेल्या. मी सगळ्यांना आधीच फोनवर सांगून ठेवलं होतं की माझ्या गाडीचा भरवसा नाही, अंतर ठेवा. गाडीचा नंबर बघून दोघीतिघी हसल्या, कुणी विचारलं नाही. केदार सरांनी तर नंबराकडे बघितलंच नाही. त्यांनी फुगे सोडले, नारळ फोडला, आणि कॅमेऱ्याची जीप पुढे, मी तिच्या मागे, अशा निघालो. शेवटी सामानाची गाडी. तिच्यात आमच्या पिशव्या, पाण्याचे खोके, बसवंत मिस्त्री आणि समीक्षा. केदार सरांनी तिला कधी बघितलेलं नव्हतं.

चाकूर आलं. गाडी झक्कास. ऊन चढलं. अहमदपूर आलं. गाडी झक्कास! एक आचका नाही! निर्लज्जासारखी पळत होती. दुखणाईत माणूस डॉक्टरसमोर टुणटुणीत उठून बसावा तसं. मी मनातल्या मनात तिला शिव्या घालायले, पड ना, बंद पड ना एकदा! अहमदपूरला चहाला थांबलो तेव्हा समीक्षाने गाडीच्या टाकीवर हात ठेवला आणि कानात म्हणाली, "मला पाडायला बरी येती हिला."

केदार सर येऊन म्हणाले, "मंजुषाताई, बघा कशी चालतेय. लोक उगाच बोलतात." मला रडू यायचं बाकी होतं.

लोहा जवळ आलं आणि मागून हॉर्न, आरडाओरडा. माझी नाही, दुसरीच गाडी बंद पडली होती! उमादेवींची. त्या उदगीरच्या शाळेत मुख्याध्यापिका आहेत, सगळ्यांत वयस्कर. आम्ही सगळ्या कडेला घेतल्या. केदार सर जीपमधून उतरून आले आणि हसत म्हणाले, "काही नाही मॅडम, अर्धा क्लच धरून ठेवला असेल. बायकांच्या हाताला थोडा जड जातो."

शब्द न् शब्द तोच. माझ्या तोंडातून समीक्षाला गेलेला. कुणीतरी सगळ्यांसमोर माझ्या थोबाडीत मारल्यासारखं झालं.

आणि उमादेवी, जिच्या नुसत्या बघण्याने शाळा गप्प होते ती बाई, ओशाळून म्हणाली, "व्हय, माझंच चुकत असंल. याआधी बी झालंय चारदोनदा. मी घरी सांगितलं न्हाई, म्हणतील म्हातारपणी हौस."

मी हेल्मेट काढलं. "उमादेवी, तुमचं काही चुकलेलं नाही. माझीसुद्धा पडायची बंद." आणि सगळं सांगितलं. येळवसचं, शूटिंगचं, फोनवरून बदललेल्या पंपाचं, समीक्षाच्या हाताचं. आवाज चिरकत होता, पण सांगितलं. एजन्सीचंही सांगितलं.

निलंग्याची एक पोरगी म्हणाली, "माझी बी पडती की! मला म्हणले पेट्रोल खराब." धर्माबादची म्हणाली, "मला म्हणले तुम्ही उंचीने लहान." मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या. कुणी भावाला दोष दिला होता, कुणी गाडी विकायला काढली होती. प्रत्येकीला वाटत होतं, आपल्यालाच चालवता येत नाही!

केदार सर कॅमेरावाल्याला म्हणाले, बंद कर. त्याने केला. पण बायकांचे मोबाइल निघाले. केदार सर घामाघूम. "हे बघा, हे ऐकीव आहे. कुठल्याही पंपात काही दोष नाही. कंपनीकडे अशी एकही नोंद नाही."

तेवढ्यात सामानाच्या गाडीतून समीक्षाचा आवाज आला. "सर, मग हे काय हाय?"

ती गाडीच्या मागच्या फळीवर उभी होती. एक हात गळ्यात, दुसऱ्या हातात पुठ्ठ्याचा लहान डबा. "लातूरपासून मी याच खोक्यावर पाय ठेवून बसलेय. मला वाटलं पाण्याच्या बाटल्या. आत्ता तुम्ही पंप म्हणलात म्हणून वरचं नाव वाचलं. खोकं भरून पंप हायेत, नवे. दोष न्हाई तर रॅलीत खोकंभर पंप कशाला आणले?"

रस्त्यापलीकडे रसवंतीचे घुंगरू वाजत होते. मग उमादेवी म्हणाल्या, आणि आता त्यांचा आवाज मुख्याध्यापिकेचा होता, "उत्तर द्या. प्रश्न सोपा आहे."

केदार सरांनी बसवंतकडे बघितलं. बसवंत म्हणाला, "माझ्याकडं बघू नका साहेब, तुम्हीच म्हणलात, रॅलीत कुणाची पडली तर गुपचूप बदल."

मग आमच्या बायका जे सुटल्या! तेवीस गाड्यांच्या किल्ल्या काढल्या आणि सगळ्या रसवंतीत जाऊन बसल्या. नवा पंप बसल्याशिवाय एकही गाडी हलणार नाही, आणि प्रत्येकीला पावती, पावतीवर 'पंप बदलला' असं लिहून. नांदेडला स्टेजवर पाहुणे वाट बघत होते, केदार सरांचा फोन सारखा वाजत होता. ते लांब जाऊन पुण्याला बोलले, परत आले, पुन्हा गेले. शेवटी नुसती होकाराची मान हलवली.

बसवंतने पहिली उमादेवींची गाडी घेतली. मग मी समीक्षाची पुढे ढकलली. नांदेडहून आणखी दोन मिस्त्री आले, लिंबाच्या सावलीत गाड्या खोलून बसले. आम्ही ग्लासावर ग्लास रस पीत, गाणी म्हणत, टाळ्या वाजवत बसलो. येणारे जाणारे ट्रकवाले थांबून विचारायचे, लग्न आहे का?

नांदेडला पोचलो तेव्हा पाहुणे निघून गेले होते, मांडववाला खुर्च्या रचत होता. आम्ही तेवीस जणींनी मोकळ्या स्टेजवर जाऊन फोटो काढला. मधे समीक्षा, दोन्ही बाजूंनी तिला धरून.

१५ मार्च, शनिवार

एजन्सी गेली. कंपनीने दोन ओळींचा निरोप पाठवला. होर्डिंगवर आता एका सिमेंटची जाहिरात आहे.

कंपनीने चूक मान्य केली नाही. पण दोन्ही जिल्ह्यांत 'झुंजार मोफत तपासणी शिबिर' लागलंय, गाडी आणा, पंप बदलून न्या. पुरुषांची रांग बायकांपेक्षा मोठी आहे म्हणे. कुणीच बोलत नव्हतं! समीक्षाच्या दवाखान्याच्या खर्चासाठी ग्राहक आयोगात जायचं ठरलंय, उमादेवींचा मुलगा वकील आहे.

सोमेश माझ्याशी धड बोलत नाही. आज मी जेवायला वाढताना म्हणाला, "तू बरोबर केलंस. मला कळतं. पण मला एकदा विचारायचं तरी. मी नाही म्हणलो असतो असं वाटलं तुला?" मी खरं तेच सांगितलं. "हो, वाटलं," म्हणाले. तो ताटावरून उठला नाही, पण भाकरीही पुढे तोडली नाही. हे माझ्याकडून झालंय आणि रॅलीच्या आनंदात ते झाकणार नाही. अव्वा म्हणाल्या, "दोघं बी खरं बोललाव. आता दोन दिवस घास कडूच लागणार."

६ एप्रिल, रविवार

समीक्षाचं प्लास्टर निघालं. मी मुखेडला गेले, म्हटलं बसने दमशील, मी सोडते उपकेंद्रात. तिने किल्ली माझ्या हातातून काढून घेतली. "मागं बस."

"डॉक्टरांनी सांगितलंय..."

"डॉक्टरला मी सांगितलंय. बस."

इतक्या वर्षांत मी तिच्या मागे बसलेच नव्हते. शाळेत सुद्धा मी पुढे आणि ती मागे बसून शिकवायची. आज बघितलं. मनगट अजून बारीक, पांढरं पडलेलं, पण गाडी अशी चालवते की खड्डा कुठे गेला कळत नाही. बैलगाडी आली की हॉर्न न वाजवता हळूच बाजू घेते. गावात शिरलो तर म्हाताऱ्या बाया हात करायल्या, "सिस्टर आली, सिस्टर आली." एका घरी बाळाला बघितलं, एका घरी चहा, कुणाची गोळी, कुणाला रागावणं. मी मागे उभी, पिशवी धरून. एक बाई म्हणाली, "ह्या कोण? नव्या मदतनीस का?" समीक्षा म्हणाली, "हाव. शिकून राहिली अजून."

परतताना रस्ता सरळ, मोकळा, दोन्हीकडे कापलेली रानं. समीक्षाने मान मागे वळवली. "घाबरतीस का?"

"नाही."

"मग नीट धरून बस."

आणि तिने अशी गाडी सोडली की माझी ओढणी, माझे केस, माझी किंकाळी, सगळं मागे उपकेंद्राच्या दिशेने उडून गेलं. "हळू!" म्हणून ओरडायला तोंड उघडलं होतं, बाहेर आलं ते "अजून!"